कडू लागतंय का?

रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात
माझं राज्य एका खिडकीएवढं.
पलीकडून हात येतात.
मी आधी हात बघते, मग माणूस.

नवा पोरगा म्हणतो, त्सियाला मावशी, जाडजूड हातमोजे दे.
कशासाठी? ड्रिलवर उभं राहायचंय.
मग मुळीच मिळणार नाहीत.
फिरतं यंत्र आधी मोजा धरतं
आणि मोजा बोट सोडत नाही.
उघड्या हातांनी जा, बाह्या वर कर, अंगठी इथे ठेव.
(माझ्या खणात तीन अंगठ्या आहेत.
एकीचा धनी परत मागायला आलाच नाही:
लग्न मोडलं, बोट शाबूत आहे.)

वेल्डरला चामडं, आत सुती बनियन.
नायलॉनचा शर्ट दिसतो झकास,
पण ठिणगी पडली की कातडीशी सोयरीक करतो.
बूट कुठे चावतो ते पायालाच ठाऊक,
म्हणून त्या पिंपापर्यंत चालून दाखव म्हणते.
चार तास चावलेला बूट
पाचव्या तासाला पिशवीत जातो,
आणि वरून पडणारी लादी पाचव्या तासाचीच वाट बघत असते.
साहेबाला वाटतं, महाग ते चांगलं.
मला वाटतं, अंगावर राहतं ते.

मालखाझ आला तेव्हा
त्याची दाढी सतरा दिवसांची होती.
बाप गेला की आमच्याकडे मुलगा
चाळीस दिवस वस्तऱ्याला हात लावत नाही.
त्यानं सांगायची गरज नव्हती.
शाल्वाच्या जेवणाला मीही बसले होते, टेबलाच्या टोकाला.

पण मास्क रबराचा. त्याला दुखवटा कळत नाही.
रबर गालाला टेकायचं तिथे
एकेक केस म्हणजे एकेक फट.
नियमाप्रमाणे मी त्याला टोपडं चढवलं,
आत कडू पाण्याचे फवारे मारले.
मान डावीकडे. मान उजवीकडे. मोठ्यानं दहापर्यंत मोज.
तो सातावर थांबला.
कडू लागतंय का?
लागतंय.

शाल्वा याच भट्टीवर होता, तीस वर्षं.
तोंडाला ओला रुमाल.
मी दिलेले मास्क तो गावी न्यायचा,
द्राक्षवेलींवर गंधक मारायला.
शेवटी शेवटी दोन जिने चढायला अर्धा तास.
मालखाझला हे माहीत. मला माहीत.
दाढी त्याच्यासाठी, मास्कही त्याच्यामुळेच,
आणि एका चेहऱ्यावर दोन्ही मावेनात.

दाढी कर, हे शब्द मी ओठांवरून परत गिळले.
माळ्यावरचा हूड काढला:
सैल, गळ्याशी पडदा, कमरेला बॅटरी नि पंखा,
दाढी असो नसो, आतला वारा धुळीला बाहेरच ठेवतो.
कारखान्यानं एकच घेतलाय, पाहुण्यांना दाखवायला.
बॅटरी तीन तासांची. दुसरी मागितली तर
साहेबानं खिडकीबाहेर बघितलं.

मग तेवीस दिवस
तीन तास मालखाझ भट्टीवर,
तीन तास आवारात झाडू घेऊन,
आणि माझ्या किटलीच्या जागी बॅटरी.
गार चहाची सवय होते.
होते म्हणजे, होत नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी तो आला.
हनुवटीवर कापलेलं, वर सिगारेटच्या कागदाचा कपटा.
चेहरा इतका लहान, की मी मधला आकार ठेवून
आधी लहानच पुढे केला, मग परत घेतला.
टोपडं. फवारे. मान डावीकडे, उजवीकडे.
सातावर मी श्वास धरला.
आठ म्हणाला. नऊ. दहा.
कडू लागतंय का?
नाही.
नक्की?
काहीच लागत नाही, म्हणाला,
आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला.

कार्डावर मी लिहिलं: मध्यम.
जाताना खिडकीशी अडखळला.
एक जास्तीचा देशील? गावी न्यायचाय,
वेलींवर गंधक राहिलंय या वर्षी.
दिला.
त्याची नोंद कुठेच केली नाही.